लागलेली गाडी

माझी पोरगी कशालाच भीत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात, मी तक्रार म्हणून सांगते. पाल नाही, कुत्रं नाही, परीक्षा नाही, बघायला आलेली माणसं तर नाहीच नाही. तिच्या वाटणीची सगळी भीती देवानं माझ्या पदरात ओतली. मी अहमदपूरच्या बाजारात बायकांच्या हातात बांगड्या भरते. दिवसभर काचेशी गाठ. काय कधी तडकेल ह्याचा घोर घेऊनच मी जगते.

ह्या पोरीनं विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, नांदेडातच नोकरीला लागली, तिथंच खोली घेतली. एका शनिवारी घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "आई, मी गाडी घेऊन राहिले."

मला वाटलं स्कूटी.

"कार. जुनी, जपानी. पळणारी."

त्या शेवटच्या शब्दाला माझा घास अडकला. म्हटलं, पळणारी म्हणजे काय गं, गाड्या सगळ्याच पळतात. तर तिनं भाकरी बाजूला ठेवून मला समजावलं. नवी पळणारी गाडी घ्यायची तर तिच्या दहा पगारांनीही भागायचं नाही. पण पंधरा-सोळा वर्षं वापरलेली जपानी गाडी तिच्या ऐपतीत बसत होती, आणि त्या जुन्या इंजिनात म्हणे असा दम असतो की काटा वर चढला की आवाजच बदलतो. कॉलेजात तिनं पोरांसोबत एक बुटकी रेसची गाडी बांधली होती. तिचा फोटो दाखवला तेव्हाही मी विचारलं होतं, हिला छत कुठंय?

ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "कमावती हाय, घेऊ दे की," आणि हात धुवायला उठले. आमच्या घरात हात धुणं आणि हात झटकणं एकच.

मी का भिते तेही सांगते. नांदेड-लातूर रस्ता आमच्या गावावरून जातो. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढवत असलेली बांगडी मी तिथंच थांबवते. एकदा एसटीतून नांदेडला जाताना लोह्याच्या अलीकडं एक चेपलेली कार दिसली होती. माणसं नेलेली होती. मागच्या काचेजवळ मुरमुऱ्याची पिशवी मात्र जशीच्या तशी, गाठ मारलेली. कुणीतरी घरच्या लेकरांसाठी घेतली असणार. त्या पिशवीनं माझी कितीतरी दिवस झोप खाल्ली.

त्यात मला गाडी लागते. लहानपणापासून. एसटीत बसले की हातात लिंबू आणि मांडीवर पिशवी. असं असूनही मी म्हटलं, "घ्यायचीच असंल तर मी संगं येणार. गाडी तू बघ, माणूस मी बघते."

पहिली लातूरला बघितली. शिकवण्या घेणाऱ्या एका पोराची होती. इतकी खाली बसवलेली की गतिरोधक आला की मालकाचाच जीव खालीवर. चालू केली आणि समोरच्या घरातलं तान्हं लेकरू रडत उठलं. पोरगी तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "आई, हिचं सगळं वरवरचंय." तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला.

दुसरी मुखेडला, एका शेतकऱ्याच्या वाड्यात. शहरात नोकरी करणाऱ्या लेकानं आणून ठेवलेली आणि मग तो परदेशी गेला. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबडी. "ही कुठं फिरलीच न्हाई," म्हातारबाबा म्हणाले, "दोन साल झाले, अशीच दारात लागलेली हाय." उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या होत्या. चालूच झाली नाही. मला ती गाडी फार आवडली. चालत नाही म्हणजे किती गुणाची! पोरीनं बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं, हुं हुं केलं आणि म्हणाली, नंतर बघू.

तिसरी नांदेडची. देगलूर नाक्याजवळ एका भाईंचं जुन्या गाड्या विकायचं दुकान होतं. गाडी तांबडी, फोटोत लग्नातल्या नवरीसारखी दिसत होती, आणि भाव पोरीच्या आवाक्यातला. तिनं मला सांगितलं, "आई, तूच फोन कर, तुझ्याशी माणसं खरं बोलतात. एवढंच विचार, कुठं लागलेली हाय का."

मी फोन केला. "भाई, ती तांबडी गाडी कुठं लागलेली हाय?"

"पुढं लागलेली हाय मौशी, डाव्या अंगाला," भाई म्हणाले. "म्या लपवून ठेवत न्हाई. या, बघा, पसंत पडली तर घ्या."

मी फोन ठेवला आणि पोरीला सांगितलं, "दुकानाच्या पुढंच उभी हाय, डाव्या हाताला. माणूस बोलायला सरळ वाटला."

"आणि बाकी?"

"बाकी काय? या म्हणाला."

आम्ही गेलो, तर खरंच दुकानाच्या पुढं, डाव्या हाताला, तांबडी गाडी उभी. मी पोरीला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात पत्ता. भाईंनी चहा पाजला. किल्ली देताना म्हणाले, "चालवून बघा, बेटा. सांभाळून." पोरगी सगळं विचारून झालंय ह्या समजुतीत. मी मागं बसत होते, तर तिनं पुढं बसवलं, पट्टा स्वतः लावला.

विष्णुपुरी मागं पडेपर्यंत ठीक होतं. मग रस्ता मोकळा झाला आणि तिनं गाडी दाबली. आवाज बदलला. तिनं सांगितलं होतं तसाच बदलला, जात्यावर एकदम कुणीतरी दुसरं बसल्यासारखा. माझी पाठ सीटला चिकटली. बाजूची झाडं मोजता येईनात. तिच्याकडं बघितलं तर पोरगी हसत होती. तिचं पहिलं बक्षीस आलं तेव्हा हसली होती तशी. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा कण नव्हता, आणि मी भ्याले ती त्या वेगाला कमी, त्या हसण्याला जास्त. जिला भीती नाही ती थांबणार कशानं?

"थांबव," मी म्हटलं. "मला गाडी लागून राहिली."

"आई, पाच मिनिटं..."

"थांबव म्हणते ना! मेले मी!"

तिनं ब्रेक दाबला. आणि गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडं ओढली गेली. कुणी दावं धरून हिसका द्यावा तशी. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. ऊस बाहेर आलेला, टोकं आमच्याकडं. मी "माय गं" म्हणाले की नाही आठवत नाही. एवढंच आठवतं की पोरीचा डावा हात माझ्या छातीवर आडवा आला. एसटीनं ब्रेक मारला की मी तिला लहानपणी धरायची, अगदी तसा. म्हणजे स्टिअरिंगवर एकच हात राहिला होता.

गाडी ट्रॉलीच्या अलीकडं थांबली. किती अलीकडं ते मी सांगत नाही. माझ्या मनगटातल्या दोन बांगड्या वाढल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. त्या दिवशी वाढली म्हणायलाही तोंड उघडेना.

मी दार ढकलून खाली उतरले, पुढच्या चाकाशी उकिडवी बसले आणि भडाभडा ओकले. पोरगी पाठीवर हात फिरवत होती. मान वर केली तेव्हा माझं तोंड बरोबर बंपरच्या खालच्या फटीसमोर होतं. आत लोखंडाला सुरकुत्या. वरून काळा रंग मारलेला, पण सुरकुत्या त्या सुरकुत्याच. चाकही आतल्या बाजूनं झिजून गुळगुळीत.

"हे असंच असतंय का गं?" मी पदरानं तोंड पुसत विचारलं.

ती वाकली. मोबाइलचा उजेड टाकून बघितलं. सुरकुत्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई, ही लागलेली गाडी हाय. पुढून. जबर लागलेली."

पुढून. डाव्या अंगाला.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. परत येताना पोरीनं गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. दुकानाशी पोचताच, चूक माझी हे कळत असूनही, मी भाईंवरच तुटून पडले. म्हटलं, माझ्या लेकराचा जीव घेता का? भाई आधी गोंधळले, मग उठून उभे राहिले.

"मौशी, तुम्ही फोनवर इच्यारलं, कुठं लागलेली हाय. म्या सांगितलं का न्हाई, पुढं लागलेली हाय, डाव्या अंगाला? म्हणून तर भाव उतरवला. लपवत न्हाई म्हटलं होतं ना?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं. "मला वाटलं, उभी कुठं हाय ते सांगून राहिले," मी म्हटलं. एवढं बोलून मला रडूच कोसळलं. लेकीला वाचवायला संगं गेले होते, आणि त्या गाडीत तिला मीच बसवलं होतं. भाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "अल्लाची मेहेर समजा," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हा नाद सुटला. कसला सुटतोय! दुसऱ्या आठवड्यात ती मुखेडच्या म्हातारबाबांकडं गेली आणि कोंबडीखालची गाडी टेम्पोवर घालून घेऊन आली. वायरी बदलल्या, टायर, ब्रेक, सगळं नवं. मिस्त्रीकडून खालून वरून तपासून घेतली. "ही कुठंच लागलेली नाही, आई. नीट शब्दात विचारलंय." मी एवढीच अट घातली की नांदेडला पोचली की फोन. पोचल्याबरोबर.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती दिवेलागणीला निघाली. ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच नंतर फोन वाजला. उचलला, तर घाईघाईनं, "आई, गाडी लागली..." आणि फोन बंद.

मी परत लावला. बंद. परत. बंद. हे म्हणाले, "अगं, पोचली असंल." मी म्हटलं, "लागली म्हणाली ती, लागली!" माझ्या डोळ्यांसमोर ट्रॉली, उसाची टोकं, आणि का कुणास ठाऊक, ती मुरमुऱ्याची पिशवी. पायात चप्पल घातली आणि दारात उभी राहिले. जाणार कुठं होते तेही कळत नव्हतं. शेजारच्या माणसाची मोटारसायकल काढायला हे निघाले तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, खोलीसमोर गाडी लागली म्हणत होते. मोबाइलचं चार्जिंग संपलं."

मग मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मेली म्हटलं, कैदाशीण म्हटलं. लागली हा शब्द पुन्हा तोंडातून काढलास तर जीभ हासडीन म्हटलं, नुसतं पोचले म्हणायचं. ती निमूट ऐकत होती. एरवी ऐकणारी पोर नाही ती.

माझा दम संपल्यावर ती हळू म्हणाली, "आई, त्या दिवशी ट्रॉलीपाशी मी लई भ्याले होते. तू संगं होतीस ना. तुला सांगितलं नाही. आता कुठंही ऊस दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो."

मी खाली उंबऱ्यावर बसले.

"खरंच भितीस?"

"खरंच."

"मग चालव," मी म्हटलं. "आता चालव तू गाडी."

फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, ताटं वाढते, भूक लागलीय.