न शिकवलेल्या मशीनची माफी

"हे सरकारचे जावई! यांच्या हाती मशीन दिली की असाच बट्ट्याबोळ होणार."

परभणीतल्या आमच्या बियाणे संघाचे मॅनेजर सगळ्यांदेखत बोलले. माझ्याकडं बोट दाखवून. समोर परमिटासाठी शेतकऱ्यांची रांग, दारातून पार रस्त्यावर गेलेली. परमिट छापून मिळाल्याशिवाय सवलतीचं बियाणं मिळत नव्हतं, आणि कॉम्प्युटरची मशीन सकाळपासून बंद. त्याच रांगेत माझी माय होती. गायरानाच्या तुकड्यापुरतं बियाणं न्यायला राणीसावरगावहून आलेली. थोड्या वेळापूर्वीच ती शेजारच्या बाईला कौतुकानं सांगत होती, "ती आतमंदी बसलीय ना, ती माझी लेक हाय."

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कायम नव्हते, साहेबांच्या मर्जीवर. आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी.

मला मशीन चालू करता आली नाही, हे खरं आहे. पण ती मला शिकवली होती कुणी?

मशीन घ्यायची ठरली तेव्हा पुण्याचा इंजिनिअर आला होता. त्यानं सरळ विचारलं, "ही सांभाळणार कोण?" माझं काम बघून म्हणाला, "मग दोन सुट्या, साध्या मशिनी घ्या. या बाई चालवतील. एक बिघडली तर दुसरी चालेल." संघाचे अध्यक्ष खवळले. "आमचा संघ काय भिकारी हाय का? औरंगाबादला आहे त्याच्याहून मोठी पाहिजे."

आली मोठी. थंड खोलीत सर्व्हर, बाहेर टेबलांवर त्याला जोडलेले कॉम्प्युटरचे पडदे. सर्व्हर बंद पडला की सगळेच पडदे बंद. शिकायला पुण्याला गेला अध्यक्षांचा पुतण्या. शिकून आला की सिनेमे बघून आला, देव जाणे. पासवर्ड त्याच्याकडं, खोलीची किल्ली त्याच्याकडं. मी म्हणाले, मलाही दाखवा. मॅनेजर हसले. "तुला काय करायचंय? तू बटणं दाब." धूळ पुसायला तेवढी खोली उघडून द्यायचे.

त्या दिवशी पुतण्या कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. हातानं परमिट लिहून देऊ का, असं मी विचारलं. मॅनेजर नाही म्हणाले, संघाची शोभा होईल. रांग ओरडायला लागली. मग त्यांना मी सापडले.

"हात जोड. माफी माग यांची. म्हण, माझ्यामुळं झालं. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

माझे हात वर यायला लागले होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात माय रांग सोडून पुढं आली. तिनंच हात जोडले.

"पोरीचं चुकलं सायेब. लेकरू हाय. पदरात घ्या."

काय चुकलं, हे तिला ठाऊक नव्हतं. चूक आपलीच असते, एवढं मात्र तिला पाठ होतं. नामांतराच्या दंगलीत आमचं घर जळालं, तेव्हाही तिनं असेच हात जोडले होते. जाळणाऱ्यांपुढं. मी तिच्या लुगड्याला धरून उभी होते. ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं.

मी तिचे हात धरून खाली केले. "न्हाई माय. तुझं काई चुकलं न्हाई. माझंबी न्हाई." मग मॅनेजरांकडं वळले. "मला शिकवलं नाही. ज्याला शिकायला धाडलं, त्याला बोलवा. माफी त्यानं मागावी. आणि कुणाला झेपेल हे न बघता ही मशीन ज्यांनी आणली, त्यांनी."

रांगेतलं कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही.

नोकरी गेली. बियाणंही मिळालं नाही. गंगाखेडच्या गाडीत माय खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "तुझं खरं हाय गं. पण आता खायाचं काय?"

त्या साली आमचा तुकडा पडीक राहिला. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, तिच्या शेजारच्या काकरीत मी. तिची वाकलेली पाठ बघून रडू यायचं. अजून येतं.

तिथंच ठरवलं. शिकायचं. दारं लावून घेतली तर ठोकून उघडायची, पण शिकायचं. आणि जे यंत्र माझ्यापासून दडवून ठेवलं, त्याच्या बिघाडाचा दोष माझ्या माथी घ्यायचा नाही. भाकरी गेली तरी नाही. माय रडली तरी नाही.