चिमणीबंगल्यातली कचेरी

नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. आपण निवृत्त होतो, कोणीतरी चहा पुढे ठेवतं आणि विचारतं, "तुमच्या वेळी कसं होतं हो?" झालं, मग आपल्याला थांबवायला कोणी उरत नाही.

पन्नासच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यात, जामच्या फाट्यापासून थोडं आत असलेल्या एका कचेरीत कारकून होतो. खातं कोणतं ते सांगत नाही. कचेरी मात्र सांगण्यासारखी होती. कापसाच्या व्यापारात असलेल्या एका इंग्रजानं फार पूर्वी बांधलेला तो दुमजली बंगला. छपरावर दोन उंच चिमण्या, म्हणून गावात नाव पडलं चिमणीबंगला. साहेब गेला, बंगला सरकारकडे आला आणि सरकारनं त्यात आम्हाला बसवलं.

हेडक्लार्क होते देशकरबाबू, माणूस सज्जन पण घामट. चपराशी गोमाजी, हा वडनेरकडचा. बाकी आम्ही तीन कारकून.

* * *

त्या बंगल्याची जन्मकथा गोमाजी सांगायचा. त्याच्या आजानं बांधकामावर विटा वाहिल्या होत्या.

साहेबाचं विलायतेत, खेड्यात, वडिलोपार्जित मोठं घर होतं. तसंच हुबेहूब इथं पाहिजे म्हणून त्यानं मिस्त्रीच्या हाती घराचं एक चित्र दिलं आणि कापसाच्या हंगामासाठी मुंबईला निघून गेला. मिस्त्री इमानदार. चित्रात भिंतीवर वेल चढलेला होता, तर त्यानं चुन्यात पानन् पान कोरून भिंतीवर वेल चढवला. गावातल्या बकऱ्या आजही त्याला तोंड लावून पाहतात.

पण चित्र होतं फक्त पुढच्या बाजूचं. मागे काय आहे ते मिस्त्रीला कसं कळणार? त्यानं मागे आपल्याला येत होतं ते बांधलं. ओसरी, न्हाणी, बैल बांधायला गोठा आणि मधोमध तुळशीचं वृंदावन.

साहेब परत आला. पुढून पाहिलं, खूश झाला. मागे गेला आणि वृंदावनाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "हे काय आहे?"

मिस्त्री म्हणाला, "साहेब, समोरून तुमचं हाय, मांगून आमचं."

* * *

विलायतेत ऊन मिळत नाही म्हणे. म्हणून त्या चित्रातल्या घराला दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे भल्या मोठ्या खिडक्या. मिस्त्रीनं त्याही इमानदारीनं लावल्या. आता वर्ध्याच्या मे महिन्यात पश्चिमेची खिडकी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आम्ही उन्हाच्या पुढे पुढे टेबलं सरकवत जायचो. सकाळी दिवाणखान्यात, दुपारी जिन्याखाली आणि तिसऱ्या प्रहरी साहेबाच्या बाथरूममध्ये. ती उत्तरेला होती, गारेगार.

राज्यं बदलली, आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि पुण्याकडचे अभ्यंकरसाहेब आमच्यावर अधिकारी म्हणून आले. आले तेही नेमके दुपारी, न कळवता. कचेरी रिकामी. हाका मारत मारत बाथरूमपर्यंत पोहोचले. आत आम्ही तिघं टेबलं लावून बसलेलो. मधे जुन्या साहेबाचा पांढरा शुभ्र टब. टबात पोटरीभर पाणी, पाण्यात देशकरबाबूंचे पाय, टबावर आडवी फळी आणि फळीवर फायली.

देशकरबाबू पाण्यातच उभे राहिले आणि नमस्कार केला.

"हा काय प्रकार आहे?" अभ्यंकरसाहेब गरजले.

"हेडक्लार्कची जागा आहे साहेब."

साहेब तणतणत पश्चिमेच्या खोलीत जाऊन बसले. आठवडाभर बसले. मग एका दुपारी बाथरूमच्या दारात आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "देशकर, त्या टबात पलीकडच्या टोकाला जागा आहे का?"

* * *

छप्पर कमालीचं उतरतं होतं. गोमाजीनं एकदा अभ्यंकरसाहेबांना विचारलं, "साहेब, इतकं उतरतं काऊन केलं असंन?"

"बर्फ पडला की घसरून खाली जावा म्हणून."

"बर्फ कवा पडते?"

"इथं कसा पडेल? तिकडे पडतो."

गोमाजी विचारात पडला. "मंग त्याले कोणी सांगतलं नाई काय?"

"साहेबाला कोण सांगणार? कोणाचं ऐकणारा नसेल."

"हाव," गोमाजी म्हणाला, "साहेब लोकं तसेच राह्यते."

* * *

दिवाणखान्यात शेकोटीची जागा होती, भिंतीत, संगमरवरी चौकटीची. आम्ही तिथं पाण्याचा माठ ठेवायचो. एका डिसेंबरात नागपूरहून बडे अधिकारी तपासणीला यायचे होते. अभ्यंकरसाहेबांना वाटलं, शेकोटी पेटवली तर छाप पडेल. गोमाजी म्हणाला, "साहेब, वरतं चिमणीच्या तोंडाशी आग्या मोहोळ हाय." साहेब म्हणाले, "विस्तव पाहून जातील त्या."

माश्या गेल्याही. फक्त वर जाण्याऐवजी खाली आल्या.

बडे अधिकारी खिडकीतून गेले. देशकरबाबूंनी टबात बुडी मारली. अभ्यंकरसाहेब तर थेट फाट्यावर सापडले. तपासणीचा शेरा मात्र चांगला आला: कर्मचारी तत्पर आहेत.

* * *

नोकरांना बोलावण्यासाठी इंग्रज साहेबानं भिंतीतून तारा खेळवल्या होत्या. खोलीत दोरी ओढली की स्वयंपाकघरात पितळी घंटी वाजायची. अभ्यंकरसाहेबांनी ती सोय दुरुस्त करून घेतली. पण तारांवरून खारी पळायच्या.

घंटी वाजली की गोमाजी हजर. "बोलावलं काय साहेब?"

"नाही."

पुन्हा घंटी, पुन्हा गोमाजी. असं चार-सहा वेळा झाल्यावर साहेब वैतागले. "अरे, मी नाही बोलावलं तर कोण बोलावतंय तुला?"

"जुना साहेब असंन."

"मग त्याच्याकडे जा."

"इतक्यात नाई जात साहेब. पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून."

* * *

पोरीचं लग्न झालं आणि वर्षा-दीड वर्षानं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे आमच्या डोक्यावर. वरच्या पूर्वेच्या खोलीत गोमाजीचं बिऱ्हाड होतं. मुलगा झाला. बारसं दोन दिवसांवर आलं आणि एका सकाळी नागपूरच्या टॅक्सीतून एक उंच, तरुण इंग्रज उतरला. त्या कापूसवाल्या साहेबाचा नातू.

देशकरबाबूंचा चेहरा उतरला. माझ्या कानात म्हणाले, "बंगला परत मागायले आला. आता कुठं जाणार आपण?"

मोडक्यातोडक्या इंग्रजीमुळे दुभाषा मी. तो बंगल्यासमोर टोपी काढून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, तिकडचं खरं घर गेल्या वर्षी पाडलं. एवढं मोठं घर सांभाळणं झेपेना. हे तेवढं उरलंय, म्हणून पाहायला आलो. माझे वडील इथंच जन्मले, वरच्या पूर्वेच्या खोलीत. ती एकदा पाहू द्याल का?

देशकरबाबूंनी न सांगता आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

आम्ही वर गेलो. दारात गोमाजीची बायको सखूबाई. "आत नाई जाता येत. बाळंतीण हाय."

मी त्या इंग्रजाला समजावलं, त्याचं म्हणणं सखूबाईला समजावलं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "याचा बाप याच खोलीत झाला? मंग हा पाव्हणा कायचा? बारशाले येजो म्हणा."

तो खरंच आला. येताना त्याच टॅक्सीत नागपूरहून पाळणा घेऊन आला. पण बाळाची आत्या यायची होती, तिची मोटार चुकली. कानात नाव कोण सांगणार यावरून बायकांत घोळ सुरू झाला. सखूबाईनं इंग्रजाकडे बोट दाखवलं.

"अहो, आत्या बाईमाणूस असते," देशकरबाबू म्हणाले.

"मले नका शिकवू बाबूजी. तुमचा साहेब सुट्टीवर गेला का दुसऱ्याले चार्ज देता ना? मंग?"

देशकरबाबूंनी इंग्रजाला पाळण्यापाशी जागा करून दिली.

नाव ठरलं साहेबराव. मी त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तो पाळण्याशी गुडघे टेकून बसला, बाळाच्या कानाशी वाकला, बायकांनी "कुर्रर्र" केलं आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. तो हलला नाही. धपाटे संपले, बायका हसून थकल्या, तरी तो वाकलेलाच. ओठ हलत होते. साहेबराव म्हणायला काही इतका वेळ लागत नाही. बाळ रडायचं थांबून टकामका त्याच्याकडे बघत होतं.

शेवटी तो उठला, रुमालानं नाक पुसलं, सखूबाईच्या पाया पडला आणि घुगऱ्यांची मूठ कोटाच्या खिशात टाकून खाली उतरला.

टॅक्सीपाशी देशकरबाबूंना राहवेना. "अरे, विचार ना त्याले, काय सांगतलं एवढं?"

मी विचारलं.

"ते फक्त बाळाला सांगितलं," तो म्हणाला, आणि टॅक्सीत बसला.