निनावी अर्जाची दखल घेऊ नये

तिकडे परदेशात नगरसेवकाविरुद्ध तक्रार करायची तर एक फॉर्म भरून पाठवायचा आणि ठरल्या मुदतीत उत्तर येतं, असं धाकट्या नातीने पत्रात लिहिलं आहे. आजी, तुमच्या वेळी लोक काय करत होते, असंही तिने विचारलंय. आमच्याकडेही पद्धत होती. ती पाळण्याचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं.

मी कोल्हापुरातून रोज एसटीने तासाभरावरच्या एका लहान नगरपालिकेत नोकरीला जात असे. गावाचं नाव लिहीत नाही. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली त्या कचेरीत मी एकटीच, म्हणून मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, नंबर. टेबलाच्या काचेखाली दोन कागद होते. एक कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीच्या नियमांचा. हाताखालच्या माणसांकडून खासगी काम करून घेऊ नये, असं त्यात होतं. दुसरं वरून आलेलं परिपत्रक : निनावी अर्जाची दखल घेऊ नये. काच मी रोज सकाळी पुसत असे.

सत्तर सालाच्या थोडं आधी, एका दुपारी झाडूवाल्यांपैकी एक बाई दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच थांबली. नऊ वर्षं ती बदलीवर होती, म्हणजे कायम कामगार रजेवर गेला तर त्याच्या जागी काम. त्या वर्षी बदलीवाल्यांतल्या काही जणींना कायम करणार होते. हजेरीत खंड नको, एवढीच अट होती. आणि तिला चार दिवस गैरहजर दाखवलं होतं.

"चारी दिवस गल्ल्या लोटल्यात मी," ती म्हणाली. "सायबाच्या घरी भांडी घासाय गेलो न्हाय, त्याचा राग. त्याच्या पोरीचं लगीन हाय तर बाई लावावी की त्यानं. मला पगार गाव झाडायचा मिळतो."

साहेब म्हणजे स्वच्छता निरीक्षक. झाडूवाल्यांची हजेरी तेच घेत.

"तुमी लिवा, बाई. नाव तेवढं नगं."

"नाव नसलं तर कागद कपाटात जातो."

"आन् घातलं तर?"

"चौकशी होते."

"कुणाची?"

"साहेबांची."

मग तिने अंगठा पुढे केला. मी अर्ज लिहिला, नियमाचा आकडा घातला, नाव-पत्ता घातला, अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. शिपाई म्हणाला, "बाईंच्या पेनाला लई धार हाय. सांबाळून ऱ्हावा."

अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे गेला आणि शेरा घेऊन परत आला : 'चौकशी करून अहवाल सादर करावा.' अहवाल देणारे म्हणून शेऱ्याखाली नाव होतं ते स्वच्छता निरीक्षकांचंच. मी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांच्याकडेच गेलाय."

"खातेप्रमुख तेच ना, बाई? मग अहवाल दुसरा कोण देणार?"

पद्धतीत चूक नव्हती. मी टेबलावर परत आले आणि जावक नंबर घातला.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. अक्षर सुंदर होतं. दरम्यान तिला बदलीचं काम मिळणं बंद झालं होतं. ती रोज सकाळी हजेरीला येऊन उभी राहायची आणि परत जायची, असं शिपायाकडून कळलं. उत्तर घ्यायला ती आली तेव्हा मीच ते वाचून दाखवलं. 'आपल्या अर्जात तथ्य आढळून आले नाही.'

"म्हंजे मी खोटं बोललो, असं लिवलंय व्हय?"

"तसं नाही. तथ्य आढळलं नाही, असं."

"तेच की."

पोच म्हणून तिने अंगठा उठवला. शाईचा हात पुसायला मी फडकं दिलं, ते तिने घेतलं नाही. पदराला पुसला. पुढे ती कबनूरला मागावर सुताच्या कांड्या भरायला जाते असं ऐकलं. कायम झालेल्यांची यादी मीच टाइप केली. तिचं नाव त्यात नव्हतं. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. तेव्हा यादीतल्या चुका तपासायच्या होत्या, त्या तपासल्या.

दोनेक वर्षांनी दुसरी एक झाडूवाली कुणाकडून तरी लिहून घेतलेला कागद घेऊन आली. निरीक्षक तेच, भांडी घासायचं घरही तेच.

"नाव घालाय पायजे का, बाई?"

मी काचेखालच्या परिपत्रकाकडे बघितलं.

"तुझं तू बघ," मी म्हणाले.

कागद टेबलावर ठेवून ती झाडू उचलून गेली. तिला मी रोज बघत असे, तिचं नाव मला माहीत होतं. शिक्का मारला, तारीख घातली, नंबर दिला. अर्जदाराच्या रकान्यात 'निनावी' लिहिलं आणि कागद कपाटात ठेवला. तिची हजेरी लागत राहिली. भांडीही ती घासत राहिली असणार.