थर्माकोलचा तारा

नववीत असताना मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कांदा मधोमध चिरून तारा केला होता. मोठ्या ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम होतो, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि शेवटी लोखंड. जड ते आत, हलकं ते बाहेर. वाचनालयातल्या पुस्तकात हे वाचताना मला आमच्या मळ्यातला कांदाच दिसला. टाचण्यांनी मी प्रत्येक थरावर मूलद्रव्याचं नाव खोचलं.

विज्ञानाच्या सरांनी नाक दाबलं. "मंडईत बसायची सवय दिसते," म्हणाले. सगळे हसले. कांदा त्यांनी स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्याच महिन्यात नाशिक रोडच्या एका शाळेत तालुक्याचं प्रदर्शन होतं. आम्हाला बघायला नेलं. तिथे थर्माकोलचा भलामोठा तारा, अर्धा कापलेला. तेच थर, तोच क्रम. शेजारी सरांची मुलगी घडाघडा बोलत होती, मागे सर. माझी कानशिलं तापली. पण मी थांबले, परीक्षक येईपर्यंत.

तिचं बोलणं संपताच मी विचारलं, "तारा लोखंडापाशी थांबतो, तर सोनं कुठून आलं?"

तिने वडिलांकडे पाहिलं.

"खाणीतून," सर म्हणाले. "चल, पुढे सरक."

परीक्षक बाई माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत आहे?"

"लोखंड जोडून ताऱ्याला ऊर्जा मिळत नाही. मग मधला भाग कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो. लोखंडाहून जड मूलद्रव्यं अशा उलथापालथीत होतात."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. हे मॉडेल माझं आहे. मी कांद्याचं केलं होतं, सरांनी फेकून दिलं. आमच्या वर्गाला विचारा."

बाईंनी खरोखरच विचारलं. मागून दोन-तीन मुली "हो" म्हणाल्या. मॉडेल स्पर्धेतून बाद झालं. सरांची मुलगी रडायला लागली. मला जराही वाईट वाटलं नाही. सरांचा चेहरा मात्र मी डोळे भरून पाहिला.

दहावीपर्यंत त्यांनी मला प्रात्यक्षिकात जेमतेम पास केलं. मी ते हसत घेतलं.

आता मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सर निवृत्त झालेत. रस्त्यात मी दिसले की ते पलीकडच्या फुटपाथवर जातात. मीही रस्ता ओलांडते, त्यांच्यासमोर उभी राहते आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "नमस्कार सर. ओळखलंत ना?"