लहान आकड्याचा धरणीकंप

गुजरातेतला धरणीकंप मी दोंडाईच्याला, सासरच्या माजघरात बसून मोजला. यंत्र नाही, काही नाही, नुसत्या अकलेने! आणि वर निकालही दिला, की काही झालेलं नाही. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला आणि त्याला हसतेही पुष्कळ. पण या एकाला हसायला गेले की हसू अर्ध्यावर अडतं.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक पास सून. घरात पेपर वाचता येणारी बाई मी एकटीच, त्यामुळे पेपर मीच छापते अशा थाटात वावरायची. त्यात माझा थोरला भाऊ मुंबईकडे एका वेधशाळेत, धरणीकंप टिपणाऱ्या यंत्रावर नोकरीला. म्हणजे धरणीकंप हा तर आमचा घरचाच विषय!

धाकटी नणंद बाळंतपणाला आली होती. तिचा नवरा गुजरातेत कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर. मुलगा झाल्याचं त्याला कळवलं होतं, पण बघायला तो अजून यायचा होता. एका सकाळी पेपरात आलं, त्याच्याच गावाकडे धरणीकंप झाला, घरं पडली. तारा तुटलेल्या, त्याची खबर कुठून मिळणार? नणंदेने पोराची दुपटी गाठोड्यात बांधली. सुरतेच्या गाडीने निघते म्हणाली. सव्वा महिना झालेला नव्हता; बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नसतो. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, “तू ऱ्हाय, मी एकला जास,” म्हणत होते. ती ऐकेना.

शेवटी आबा माझ्याकडे वळले. “सूनबाई, पेपरमा आखो काय शे? बठ्ठं वाच.”

मी सगळी बातमी वाचली. आणखी होता तो धरणीकंपाचा आकडा. तो वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. लहानपणी माझ्या माहेरी, यावलला, एक मोठा धक्का बसला होता. उतरंडीची मडकी खाली आली, गाईंनी दावी ताणली, एक म्हातारा केळीच्या बागेतून धोतर सावरत पळाला. बस, एवढंच. त्या धक्क्याचा आकडा पुढे भावाने मला सांगितला होता, आणि तो या गुजरातच्या आकड्याहून मोठा होता.

मी पुस्तकी मराठीत म्हणाले, “ताई, घाबरू नका. आमच्याकडचा याहून मोठा होता, तरी मडकीच फुटली. हा तर लहान. पेपरवाले वाढवून लिहितात.”

“मंग मी नको जाऊ?”

“सव्वा महिना होऊ द्या. तेच येतील बाळाला बघायला.”

शिकलेल्या सुनेचा शब्द! आबा ओट्यावर टेकले. त्यांचंही जाणं राहिलं. गाठोडं सुटलं.

पुढे तार आली. राहत्या खोलीची भिंत त्याच्या अंगावर पडली होती. आबा आणि नणंद पोचले तोवर त्याला अग्नी देऊन झाला होता. दवाखान्यात तो काही दिवस शुद्धीवर होता. दारात कुणाची चाहूल लागली की मान वळवायचा, असं शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं. पोरगा कुणावर गेला असेल, हेही त्यालाच विचारायचा.

भाऊ दुखवट्याला आला, तेव्हा त्याला मी परसात गाठलं. “आकडा चुकीचा छापला होता ना रे, दादा?”

“आकडा बरोबर होता. जमिनीच्या पोटात किती जोर सुटला, त्याचा तो आकडा. तुझी भिंत किती हलेल, हे त्यात नसतं. आपला यावलचा धक्का फार खोलातला; वर येईस्तोवर त्याचा जोर पसरून पातळ झाला. हा वरच्यावर, घरांच्या पायाखालीच फुटला. शिवाय खोलातल्या धक्क्याच्या ज्या लाटा जमिनीच्या पाठीवरून पळतात, त्या दुबळ्या असतात. नुसत्या त्या मोजल्या तर धक्का आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून खोली धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही.”

“मग पेपरात खोली का छापत नाहीत?”

“छापली असती तर तुला कळली असती?”

वाचली असती, मोठ्याने. आणि अर्थ माझाच लावला असता.

एवढं होऊनही माझं शहाणपण संपलं नव्हतं. वाटलं, हे सगळं समजलं तर नणंदेचं मन माझ्याबद्दल थोडं निवळेल. ती चुलीजवळ पोराला तेल लावत बसली होती. मी तवा हातात घेऊन तिला दाखवलं, की जाळ हातभर खाली असला तर भाकर नुसती कोमट होते, तव्याला भिडला तर करपते. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावलीही नाही. पोराला दुपट्यात गुंडाळलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“वहिनी, तू शिकेल शे. पोर मोठं व्हयनं म्हंजे त्याले हाई बठ्ठं तूच सांग, त्यानी माय काबरं उशिरा गयी ते. मन्हा तोंडतून ते निंघनार नही.”