रविवारची भेट, पण घास नाही

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो. “भाऊजी, हे गेले,” एवढंच म्हणाल्या. मग, “आईंना तुम्हीच कळवा…” काही आठवडे झाले त्याला, पण तो आवाज कानातून जात नाही.

वहिनींचा नवरा संदीप आणि मी एकाच शिफ्टला. गड्याचा खाण्यावर भलता जीव. चहाच्या सुट्टीतच स्वतःचा डबा फस्त करायचा आणि जेवताना हक्कानं माझ्या डब्यात हात घालायचा. “भावा, तुला वांगं पचत न्हाई,” असं वर मलाच सांगायचा. मग एका संध्याकाळी घरी जाताना मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार बसला. त्यानंतर रावेतच्या फ्लॅटमध्ये खाटेवर नुसता पडून असायचा. कळणं गेलं, गिळणं गेलं, नळीतून पेज. कोर्टानं वहिनींना त्याची पालक नेमलं.

त्याची आई, हौसाबाई, गावाकडची. पोर नळीवर जगतंय हे तिला पटेचना. कुणाचं लक्ष नसताना तिनं त्याला घास भरवला. तो श्वासनळीत गेला, संदीप निळा पडला, जेमतेम वाचला. दवाखान्यातून घरी आला, तर तिनं पुन्हा भरवला! वहिनींनी तिला दार बंद केलं. म्हातारी कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, दर रविवारी भेटा, पण तिसऱ्या माणसासमोर, आणि तोंडात काही घालायचं नाही. तिसरा माणूस म्हणून दोघींनी माझंच नाव दिलं.

असला पहारा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. दारातच तिची पिशवी तपासायची. “बघ बाबा, काय न्हाई त्यात,” म्हणत ती स्वतःच पिशवी उलटी करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोर्टाचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही, वहिनींचं तर नाहीच. पण एका रविवारी तिची चाहूल लागताच संदीपनं तोंड उघडलं… लहान मूल उघडतं तसं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदरानं त्याचे ओठ पुसले. “कोर्टानं नगं सांगितलंय, सोन्या,” म्हणाली. मला रडू आवरलं नाही.

दहाव्याला नदीवर तिनं भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. “आता कोन आडवतंय?” म्हणाली. पिंडापाशी पान मांडलं, पण त्यावर वाढायच्या आधी खाली बसून भाकरी रश्श्यात कुस्करू लागली. बोटांनी गुठळी न् गुठळी मोडत होती. गुरुजी घाई करत होते. वहिनी पुढे झाल्या, तेव्हा मी मध्ये पडायला उठलो. त्या सासूशेजारी बसल्या आणि उरलेली भाकरी हातात घेतली.

“द्या आई, मीपण कुस्करते. अडकायला नको यांना.”