सायलीची जीप चढावर नेली तेव्हा

ये गं पोरी, अशी जवळ बस. फोनवर फोटो बघून गाडीला इसार द्यायला निघालीस आणि मला आत्ता सांगतेस? मी इतकी वर्षं गॅरेजात जुन्या जीप उघडते, जोडते, ते काय हौस म्हणून? आधी सायलीचं ऐक, मग काय ते ठरव.

सायली कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. शनिवारी ड्युटी सुटली की तंबू घेऊन शाहूवाडीच्या डोंगरात. सोबत आई. आईचे गुडघे गेलेले, पण रानात राहायची हौस लेकीपेक्षा जास्त. गेल्या पावसाळ्यात त्यांची छोटी कार चिखलात रुतली. मोबाईलला रेंज नाही. सायली माणसं शोधायला गेली आणि आई एकटीच गाडीत बसून राहिली. त्यानंतर आई म्हणाली, "मी आपली घरीच बरी." ते सायलीच्या मनाला लागलं. म्हणून जुनी फोर बाय फोर जीप घ्यायचं तिनं ठरवलं. म्हणजे इंजिनाचा जोर चारी चाकांना. साध्या गाडीत तो दोनच चाकांना मिळतो.

मलकापूरकडच्या एका आण्णांची जीप तिला आवडली. आण्णांचा दुधाचा धंदा. तिच्यासोबत गाडी बघायला मी गेले ती आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. झालं, मला संशय आला. खराब इंजिन थंड असताना कुरकुरतं, धूर ओकतं, म्हणून विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात. म्हटलं, आण्णा, चहा होऊ दे की. चहा झाला, पोहे झाले, नव्या म्हशीचं कौतुक झालं. सायली सारखी घड्याळ बघत होती. इंजिन गार झाल्यावर चावी फिरवली, तर एका दमात चालू. आण्णा नुकते त्याच जीपनं डेअरीला दूध घालून आले होते, एवढंच. मनात म्हटलं, चुकलीस बाई.

मग चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघितला. गंज नाही. सायलीनं लगेच पर्स उघडली. मी म्हटलं थांब, चढ राहिलाय.

घरामागं मुरमाचा खडा चढ होता. सायली स्टिअरिंगवर, मी बाहेर. तिनं फोर बाय फोरचा लिव्हर टाकला, तो पडलाही, म्हणजे खटकन जागेवर बसला. मागची चाकं गरागरा फिरली, खडे उडाले. पुढची गप्प. मी पोतं टाकून खाली आडवी झाले. पुढच्या चाकांना जोर पोचवणारी एक लोखंडी दांडी असते, प्रोपेलर शाफ्ट. तिची जागा रिकामी.

"आण्णा, पुढचा शाफ्ट कुठं हाय?"

"काढून ठेवलाय की. डिझेल लई खाती. दूध घालायला चार चाकांचा जोर कशाला पायजे?"

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"इचारलं कुणी? ह्या ताईंनी गाणी लागत्यात का ते इचारलं."

सायलीला हसावं का रडावं कळेना.

शाफ्ट गोठ्यात मिळाला, पोत्यात गुंडाळलेला. त्याच्या टोकाचे सांधे, ज्यांना आम्ही क्रॉस म्हणतो, जाम झालेले. आण्णांनीच जीप माझ्या गॅरेजला आणून दिली. नवे क्रॉस घातले, शाफ्ट बसवला आणि परत त्याच चढावर गेलो. या खेपेला आईला बळंबळंच शेजारी बसवलेली. तिनं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं. चारी चाकांनी मुरूम धरला आणि जीप सावकाश वर गेली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला, "सायले, तंबू आणलायस न्हवं?"

लिव्हर पडला म्हणजे चाक ओढतंय असं नसतं. खाली उतरून चाकाकडं बघावं लागतं.

आता ऊठ, उशीर झालाय. पण पुढच्या वेळी काम निघायची वाट बघू नकोस. अशीच ये, लवकर ये, आणि जेवायलाच ये.